लक्ष्य: करण शेरगिल अकॅडमीत परत का जातो?

राजारामपुरी_गल्ली

'लक्ष्य'वर कारगिलचा युद्धपट म्हणून पुष्कळ लिहून झालंय. मला बोलायचंय ते त्याआधीच्या भागावर, काय करायचं हेच ठरत नसलेल्या करण शेरगिलवर. ज्यांनी पिक्चर बघितला नसेल त्यांनी इथंच थांबावं, पुढं सगळी गोष्ट सांगितलेली आहे.

१८ जून २००४ ला पिक्चर लागला. 'दिल चाहता है'नंतर फरहान अख्तरचा हा दुसरा, लेखन जावेद अख्तर यांचं. अपेक्षेएवढा चालला नाही. लांबी तीन तासांच्या वर, आणि प्रचंड तयारीनं लडाखला जाऊन काढलेल्या युद्धपटात अर्धा वेळ दिल्लीतला एक पोरगा पलंगावर लोळताना दिसतो, हे बऱ्याच जणांना झेपलं नसावं. नंतर टीव्हीवर परत परत लागून तो लोकांच्या मनात बसला. आज भरतीसाठी पळणारी पोरं त्याचं टायटल साँग कानात लावून पळतात. त्यातली कितीतरी पिक्चर आला तेव्हा पाळण्यात होती.

माझी राजारामपुरीत छोटी अभ्यासिका आहे. टेबलं, मधे प्लायचे आडोसे, एकेका आडोशाला एकेक पोरगा. त्या प्लायवर पोरं काय काय चिकटवतात. वेळापत्रक असतं, आईवडिलांचा फोटो असतो, आणि पेननं मोठ्या अक्षरात 'पीएसआय २०२२' असं काहीतरी लिहिलेलं असतं. मग २०२२ वर काट मारून शेजारी २०२३. त्यावर काट मारून २०२४. एका आडोशावर तर पदाचं नावच खोडलंय, नुसतं वर्ष राहिलंय. तो आडोसा मी रंगवून घेतलेला नाही. घ्यावासा वाटत नाही.

तर मुद्दा असा. सगळे म्हणतात, त्याची प्रेयसी रोमिलानं संबंध तोडले आणि करण सुधारला. मला हे पटत नाही. अपमान झाला की राग येतो, तो आठवडाभर टिकतो. माझ्याकडं दर निकालानंतर पोरं अशी पेटून येतात, पहाटे पाचला कुलूप उघडायला लावतात, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा साडेदहाला हजर होतात.

पहिल्यांदा तो सैन्यात का जातो ते बघा. मित्र जाणार म्हणून, आणि वडील नको म्हणाले म्हणून. दोन्ही कारणं दुसऱ्याची. मग डेहराडूनच्या अकॅडमीत शिक्षा झाली की पळून येतो. दुसऱ्यांदा जातो तेव्हा अकॅडमी तीच आणि गणवेश तोच, पण या वेळी त्याला कुणी पाठवलेलं नाही आणि कुणी अडवलेलंही नाही. पळून गेल्याची शिक्षा भोगायची तयारी ठेवून जातो. त्याला नवी वाट सापडत नाही, टाकून दिलेलीच तो परत उचलतो. अशा कथेत नायकाला शेवटी काहीतरी वेगळंच सापडतं आणि तेच त्याचं खरं असतं, अशी आपल्याला सवय झालेली आहे. इथं तसं होत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि तिथंच माझी तक्रार आहे. परत गेल्यानंतरचे महिने पिक्चर एका गाण्यात उरकतो. गाणं संपतं तेव्हा हा लेफ्टनंट झालेला असतो. रोज उठायची इच्छा नसताना उठायचे ते महिने मला बघायचे होते. माझ्याकडच्या पोरांचं सगळं आयुष्य त्या गाण्यात कापलेल्या भागात चाललंय.

तुम्हाला काय वाटतं? दिशा एका क्षणात मिळते, की रोज तेच करता करता येते?

---

सैनिक_टाकळीकर

शिरोळ तालुक्यात आमचं गाव. घराघरात फौजी आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहेच. मी मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. पिक्चर बघितलाय, नातवाबरोबर परत बघितला.

तुमचा प्रश्न बरोबर हाय, पण तुम्ही म्हणता तसं ते महिने दाखवणं अवघड, कारण त्यात घडत काहीच नाही. बेळगावला ट्रेनिंगला गेलो तेव्हा पहिल्या दिवसात घर सोडून दुसरं काही सुचत नव्हतं. उस्ताद शिट्टी मारायचा, आम्ही पळायचो. चुकलं की रगडा. कोपरं सोलून निघायची. देशप्रेम वगैरे त्या वेळी डोक्यात नसतं. डोक्यात असतं की बाजूचा गडी उठलाय, मग मी पण उठतो. इच्छा मागनं येते. आधी पाय चालायला लागतात.

करण पळून येतो ते बघताना आमच्या बरॅकमधला एक आठवला. तो पण गेला होता. पण त्याचं घर मातीचं, बाप दुसऱ्याच्या रानात राबणारा. तो परत आला ते बापानंच आणून सोडला म्हणून. पुढं चांगला हवालदार झाला. म्हणून म्हणतो, स्वतःहून परत जाणं मोठी गोष्ट हाय हे कबूल, पण कुणी धरून नेऊन सोडलं म्हणून गडी कमी होत न्हाई.

बाकी ओम पुरींनी केलेला सुभेदार मेजर प्रीतमसिंग एक नंबर. १९७१ चं युद्ध बघितलेला जेसीओ (जवानांतून वर आलेला कनिष्ठ अधिकारी) नव्या लेफ्टनंटशी कसा बोलतो, अदब ठेवून त्याला शिकवतो कसा, ते अगदी तसंच असतं. साहेब म्हणायचं आणि साहेबाला सांभाळायचं. करण झालेल्या हृतिकपेक्षा मला त्यांचंच काम जास्त आवडलं.

---

राजारामपुरी_गल्ली

सुभेदारकाका, "आधी पाय चालायला लागतात" हे उद्या फळ्यावर लिहितो. बापानं आणून सोडल्याचा मुद्दा पण मान्य. मी करणच्या एकटेपणाला जरा जास्तच महत्त्व दिलं असं वाटायला लागलंय.

---

गारगोटी_ग्राउंड

मी भुदरगड तालुक्यात पोरांचं ग्राउंड घेतो. पोलीस आणि आर्मी दोन्ही. लक्ष्यबद्दल माझं एक म्हणणं आहे, जे कुणी बोलत नाही: वयाचं.

करण कॉलेज संपवून घरी बसलेला आहे. म्हणजे एकवीस-बावीस. तो सीडीएस (सैन्यात अधिकारी व्हायची परीक्षा) देऊन आयएमएला, म्हणजे त्या डेहराडूनच्या अकॅडमीत, जातो आणि अधिकारी होतो. त्या वाटेला चोविशीपर्यंत मुभा असते. आमची पोरं जवान म्हणून भरती होणारी. २०२२ ला अग्निपथ (चार वर्षांसाठी जवान घ्यायची योजना) आली तेव्हा वयाची अट साडेसतरा ते २१ होती. त्याआधी कोरोनाची दोन वर्षं भरतीच झाली नाही, म्हणून फक्त त्या वर्षी २३ केलं. त्या दोन वर्षांत माझ्या ग्राउंडवरचे किती गडी बसल्या जागी वयात बाद झाले, ते मी डोळ्यांनी बघितलंय. सोळाशे मीटर पाच मिनिटांच्या आसपास काढणारे गडी. आज कोण टेम्पोवर, कोण गोव्यात हॉटेलात.

म्हणजे करण ज्या वयात 'मी असा का आहे' म्हणून गाणं म्हणतो, त्या वयात आमच्या पोराचं दार बंद झालेलं असतं. आणि घेतला तरी चार वर्षांनी चारातले तीन परत येणार. हातात पावणेबारा लाखांच्या आसपास सेवानिधी, वय बाविशी-पंचविशी, आणि पुन्हा पहिल्यापासून काय करायचं हा प्रश्न. ह्या पोरावर पिक्चर काढला पाहिजे कुणीतरी. चार वर्षं शिस्तीत काढून आलेला, दिशा मिळालेला आणि परत काढून घेतलेला.

---

राजारामपुरी_गल्ली

@गारगोटी_ग्राउंड, हे मी धाग्यातच घालायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. आणि माझ्याकडं बरोबर उलटं चित्र. एमपीएससीच्या बहुतेक पदांना खुल्या गटात वयाची मर्यादा ३८. राखीव गटांना ४३. दार इतकी वर्षं उघडं राहतं की पोरगं त्या उंबऱ्यातच बसून राहतं. एक दार फार लवकर बंद होतं, दुसरं बंदच होत नाही. दोन्हीकडं पोरांचं नुकसान होतं, फक्त वेगवेगळ्या तऱ्हेनं.

एमपीएससीची मुख्य परीक्षा लेखी वर्णनात्मक करायचं ठरलं तेव्हा पोरांनी सगळी पुस्तकं बदलली. मग आंदोलनं झाली, २०२३ ला ते २०२५ वर ढकललं, की परत जुनी पुस्तकं बाहेर. अशा वेळी ज्याला स्वतःचं काही ठरवायचंय त्यालाही ठरवता येत नाही. करणच्या पिक्चरमधे निदान अकॅडमी जागेवर असते.

---

शाहूपुरीची_लेक

सगळं वाचलं. सगळ्यांचं बरोबर आहे, पण धाग्यात आत्तापर्यंत एकही मुलगी नाही.

रोमिलाकडं बघा ना. अख्ख्या पिक्चरमधे तिला पहिल्यापासून माहीत आहे की आपल्याला पत्रकार व्हायचंय. होते, आणि थेट कारगिलपर्यंत पोचते. मला ती आवडते, पण माझा प्रश्न आहे की पिक्चरमधे मुलगी कधी दिशाहीन का नसते? 'वेक अप सिड' (२००९) मधेही तेच. सिड परीक्षेत नापास होतो, बापाच्या कंपनीत टिकत नाही, घर सोडतो, आणि त्याला सावरायला कलकत्त्याहून आलेली आयेशा असते, जिला लेखिका व्हायचंय आणि तेही पक्कं माहीत आहे. ती भाड्याची खोली नीट लावते, हा पसारा करतो. मुलगा हरवायचा आणि मुलीनं त्याला सापडेपर्यंत थांबायचं.

खरं कारण असं आहे की आमच्याकडं मुलीला हरवायला वेळच मिळत नाही. बी.कॉम. झाल्यावर मी आईला म्हटलं, वर्षभर जरा बघते काय करायचं ते. आई म्हणाली, "बघ की, मी पण बघतो." आणि तिनं स्थळं बघायला सुरुवात केली. (बाहेरगावच्यांना सांगते, आमच्या कोल्हापुरात बायका 'मी बघतो, मी जातो' असंच बोलतात.) मला बँकेच्या परीक्षेची तयारी आवडत होती म्हणून मी ती केली नाही. 'तयारी करते' म्हटलं की स्थळं थांबतात, म्हणून केली. दिशा निवडली ती आडोसा म्हणून. नशीब की पुढं त्यात मन लागलं. सगळ्यांचं लागत नाही.

आणि सैन्याचं म्हणाल तर पिक्चरच्या काळात, २००४ ला, करणच्या त्या अकॅडमीत मुलींना जागाच नव्हती. चेन्नईच्या ओटीएतून (अधिकाऱ्यांच्या दुसऱ्या अकॅडमीतून) जायच्या. बारावीनंतरच्या एनडीएत मुली गेल्या त्या २०२२ ला, तेही सुप्रीम कोर्टानं सांगितल्यावर. मे २०२५ मधे खडकवासल्याहून पहिल्या १७ जणी बाहेर पडल्या, ते संचलन मी मोबाईलवर दोनदा बघितलं. तो पिक्चर कुणी काढला तर पहिल्या रांगेत बसेन.

---

उद्यमनगर_लेथ

ताईंचं म्हणणं शंभर टक्के. 'वेक अप सिड'चा विषय निघाला म्हणून लिहितो.

मला लक्ष्यपेक्षा तो जवळचा आहे. बाप धंदेवाला, पोरगं गाडीच्या आशेनं ऑफिसात जाऊन बसतं आणि निघून येतं. आमच्या उद्यमनगरात, शिरोलीच्या एमआयडीसीत हे घरोघरी चाललंय. वडलांनी एका लेथवर सुरू केलं, हळूहळू शेड झाली, फाउंड्रीचं मशिनिंगचं काम मिळालं, आणि पोरगं म्हणतं मला ऑइलच्या वासात बसायचं नाही. वडील म्हणतात मग काय करणार? त्याला सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणून त्याला आळशी म्हणतात.

मी पण बसत नव्हतो. इंजिनिअरिंग अर्धं सोडून घरी आलेलो. वडलांनी बोलणं सोडलं होतं. शेडमधे एक म्हातारे मिस्त्री होते, ते मला काही शिकवायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "हितं उभा ऱ्हा." मी उभा. ते कास्टिंग चकमधे बांधायचे, डायल लावून हातोडीनं हळूच टकटक करत काटा स्थिर करायचे आणि मशिन चालू. एक दिवस मी आपसूक म्हणालो, आवाज बदलला. त्यांनी मशिन बंद केलं, टूल काढून दाखवलं: इन्सर्टची, म्हणजे कापायच्या पात्याची, कड उडालेली होती. चिप निळी-काळी पडायला लागलेली. ते काही बोलले नाहीत, नवीन इन्सर्ट माझ्या हातात दिला. लाव म्हणाले.

मला इंजिनिअरिंगच्या वर्गात कधी वाटलं नव्हतं की मला काही कळतं. त्या दिवशी वाटलं. सिडला पण तसंच होतं की. कॅमेरा त्याच्या हातात पहिल्यापासून असतो, टाइमपास म्हणून फोटो काढत असतो. तेच काम आहे हे त्याला दुसरं कुणीतरी सांगतं. पहिल्या पगाराचा चेक घेऊन तो वडलांकडं जातो, त्या सीनला मी दर वेळी रडतो. रडतो म्हणजे रडतो.

---

खरी_कॉर्नर

आमच्या चौकात बाबूराव पेंटरांचा कॅमेरा उभा आहे म्हणून हे लिहायचा मला हक्क आहे असं समजतो.

कोल्हापूरच्या माणसानं 'भटकलेलं पोरगं' हा विषय काढावा आणि व्ही. शांताराम आठवू नयेत? गंधर्व नाटक मंडळीत पोरवयात गेले, तिथून परत. मग हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात. तिथंच पत्र्याच्या थिएटरात पडेल ते काम. अशी सगळी वणवण करून १९२० मधे बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले आणि तिथंही सुरुवातीला मिळेल ते करत राहिले. १९२५ च्या 'सावकारी पाश'मधला तरुण शेतकरी त्यांनीच केला. जमीन जाते आणि तो शहरात गिरणीत जातो. म्हणजे वाट हरवलेल्या तरुणावरचा पिक्चर या गावात शंभर वर्षांपूर्वी निघाला होता, आणि त्यात वाट हरवायचं कारण मनात नव्हतं, सावकाराच्या वहीत होतं. १९२९ ला 'प्रभात' सुरू झाली तीही इथंच.

बाबूरावांचं तर वेगळंच. चुलतभाऊ आनंदराव आणि ते नाटकांचे पडदे रंगवायचे. दोघांना पिक्चर काढायचा ध्यास लागला आणि १९१६ ला आनंदराव गेले. त्यानंतर बाबूरावांनी कॅमेरा स्वतः बनवला, १९१८ मधे. बनवला कुठनं, तर लेथवर, @उद्यमनगर_लेथ. करणनं टाकलेली वाट परत उचलली त्याचं कौतुक चाललंय वर. इथं एकानं मेलेल्या भावाची वाट उचलली.

---

हातकणंगले_२४

नवीन आयडी काढून लिहालोय. वय नावातच आहे.

धागा काल रात्री वाचला, झोप आली नाही. मी कोल्हापुरात खोली करून राहतो, अभ्यासिका लावलीय (राजारामपुरीतली नाही, काका, काळजी करू नका). घरी सगळ्यांना वाटतंय मी कंबाइनची (एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेची) तयारी करालोय. खरं सांगायचं तर दिवाळीपासून पुस्तक उघडलेलं नाही. रोज जातो, बसतो, मोबाईल बघतो, डबा खातो, रंकाळ्यावर चक्कर मारतो, झोपतो. वडील दर महिन्याला पैसे पाठवतात. कारखान्याचं उसाचं बिल उशिरा आलं तरी माझे पैसे वेळेत येतात. ते जास्त लागतं.

लक्ष्यमधला मला सगळ्यात जवळचा सीन कड्यावर चढायचा नाही. मोहिमेवर जायच्या आधी तो वडलांना फोन करतो तो. वडील झालेल्या बोमन इराणींचा चेहरा बघवत नाही. पण त्याच्याकडं फोन करायला कारण होतं. तो काहीतरी होऊन बोलत होता. माझ्याकडं सांगायला काय आहे? परत जायला माझी अकॅडमी कुठली? मला एमपीएससीच पाहिजे होती असं पण नाही. सगळे मित्र आले म्हणून आलो.

---

सैनिक_टाकळीकर

पोरा, आधी जेवण वेळेवर कर आणि रात्री जागू नको. हे मी सहज म्हणत न्हाई.

दुसरं. काहीतरी होऊन मगच बापाला फोन करायचा, हे पिक्चरचं झालं. माझा थोरला नापास झाला होता तेव्हा त्यानं आठ महिने लपवलं. मला नापास झाल्याचं काही वाटलं न्हाई. आठ महिने तो एकटा ते घेऊन फिरला, ते अजून लागतं. तुझ्या वडलांना पैशाचं वाईट वाटंल, एखादा दिवस बोलणार न्हाईत. पण ऊस पिकवणारा माणूस हाय. लावण तुटली म्हणून रान सोडत न्हाई, त्याच बुडख्यातनं खोडवा घेतो. तुझं एक पीक गेलं म्हणून तो तुला सोडणार न्हाई.

---

शाहूपुरीची_लेक

@हातकणंगले_२४, काकांनी सांगितलं त्यात एकच भर घालते. पुस्तक उघडवत नाही, रात्री झोप नाही, रोज तेच, हे दिवाळीपासून चालू असेल तर त्याला आळस म्हणू नकोस. सीपीआरमधे (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर काढून दाखवता येतं. तिथं जाऊन बोलायचं नसेल तर टेलिमानस म्हणून सरकारी फोन सेवा आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलतात. माझ्या मैत्रिणीनं तिथं फोन केला होता, तिला उपयोग झाला.

---

राजारामपुरी_गल्ली

बाळा, माझा प्रश्न मी फार सोपा करून मांडला होता असं तुझं वाचून वाटलं. परत जायला जागा असणं हेच करणचं भाग्य. तुला ती शोधायला लागणार आहे आणि त्यासाठी एमपीएससी सोडलीस तरी माझ्यासारख्या अभ्यासिकावाल्याला काही वाटणार नाही. सोडलेल्यांपैकी कितीजण आज धड मार्गी लागलेत, ते येऊन भेटतात मला.

फक्त पुढच्या महिन्याचे पैसे यायच्या आधी घरी सांग. सोडतोयस असं सांगायची गरज नाही. अभ्यास होत नाहीये, एवढंच सांग.

---

उद्यमनगर_लेथ

आणि नुसतं उभं राहायचं असेल तर आमच्या शेडमधे ये. कामाला लावत नाही, शिकवतही नाही. सकाळी नऊला शटर उघडतो, गुरुवारी सुट्टी. इथं निरोप टाक, पत्ता कळवतो.

---

हातकणंगले_२४

रविवारी गावाकडं जातोय. वडलांना रानातच सांगतो, घरात आई असते. लेथदादा, शुक्रवारी आलं तर चालंल का?

---

उद्यमनगर_लेथ

चालंल. चप्पल घालून येऊ नको, बूट घाल. खाली चिपा असतात.